ॲग्नेसची प्रिंट

पांढऱ्या लिलीचा गुच्छ, दोन कबुतरं, मागे ढग. ढग विकत मिळतात. गुलाबी घ्यायचे की निळे ते आपण ठरवायचं.

मे महिन्यात क्रुसाच्या पायरीवर सांडलेलं मेण घट्ट होत नाही. बोट लावलं की ठसा उठतो.

नाहूर स्टेशनबाहेर मोबाइलची काच बसवून मिळते, तोवर उभं राहायचं.

कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं.

नाव जिचं, दिलं तिने. (ही गावातली म्हण नाही. गावात असं कुणी बोलत नाही. बोलायची वेळ येत नाही.)

एव्हलिनचा मेसेज: मावशी फेमस झाली रे!! पुढे इमोजी: नाचणारी बाई, नाचणारी बाई, केक.

हे सगळं एका रेषेत लावता येईल. नोएलचं कामच ते. मरोळजवळच्या ज्या वस्तीत तो राहतो तिला तिथले लोक अजून गावच म्हणतात, चारी बाजूंनी काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या तरी. गावात आणि आसपास कुणाचं लग्न असो, बाप्तिस्मा असो, लग्नाच्या पन्नाशीची चर्चमधली मास असो, नोएल कॅमेरा घेऊन जातो. घरी येऊन कॉम्प्युटरवर तुकडे कापतो, जोडतो, मागे गाणं घालतो, सुरुवातीला नावं. जोडलेल्या लग्नात कुणी रुसत नाही, जेवण कमी पडत नाही, नवरीचा बाप दारू पिऊन खुर्चीवर चढत नाही. ते सगळं खाली पडतं, कापलेलं. आपल्या डोक्यातही अशी एक जागा असेल, जिथे कापलेलं पडत असेल, असं त्याला कधी कधी वाटायचं. आता वाटत नाही. आता त्याला खात्री आहे.

नाहूरला तो साखरपुड्याचा हॉल बघायला गेला होता. भर दुपार. फोनची काच तडकलेली, म्हणून स्टेशनबाहेरच्या टपरीवर दिला. टपरीवर पाटी होती, चंद्रप्रकाश मोबाइल, आणि आत बनियनवर बसलेला माणूस चंद्रप्रकाशच असणार. तो काच उचकटत होता, आणि मधेच त्याने दुसऱ्या कुणाच्या दुरुस्तीला आलेल्या फोनचा स्पीकर तपासायला त्यात सिनेमा लावला. नोएलचं लक्ष नव्हतं. तो समोर रिक्षावाल्यांचं चाललेलं भांडण बघत होता. मग ऑर्गन वाजला. ते सूर आधी मानेला ओळखू आले, मग कानाला. त्याने वळून बघितलं. परक्या माणसाच्या परक्या फोनवर लिली उमलत होती, डावीकडून कबुतरं आली, आणि सोनेरी अक्षरं एकेक करून बसली:

आजची पाळी
ॲग्नेस अर्बन घोन्साल्विस
यांच्याकडून

आपल्या आईचं नाव. मधलं नाव वारलेल्या बापाचं. अक्षरांना त्यानेच दिलेली बारीक चमक डावीकडून उजवीकडे गेली आणि विझली.

“हे काय आहे?” नोएलने विचारलं. आवाज नीट आला, याचं त्याला नवल वाटलं.

“पिक्चर. नवीन. थिएटरला चालू आहे अजून.”

“नाही, हे आधीचं. नाव.”

“अरे ती ॲग्नेस!” चंद्रप्रकाश हसला. “ॲग्नेसची प्रिंट. मार्केटमध्ये सध्या हीच फिरते, एक नंबर क्लिअर. बाकीचे साले सुरुवातीला जुगाराची ॲड टाकतात, पोरीबाळींसमोर लावता येत नाही. ही बाई फक्त फुलं टाकते. सभ्य बाई वाटते.”

“कोण आहे ती?”

“कोण काय, मोठी पार्टी असणार. दुबईला वगैरे. आपल्याला काय करायचंय? काच ओरिजिनल टाकू की लोकल?”

त्याने काय सांगितलं ते त्याला आठवत नाही. काच बसली ती लोकल असावी, कारण बोट टेकलं की ती अजून कुरकुरते.

तर पाळी. (इथे मागे जायचं. डिझॉल्व्ह नको, सरळ कट.) गावाच्या मधोमध क्रूस आहे, दगडी, कधीतरी प्लेगच्या साथीत उभारलेला. मे महिन्यात तिथे रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होते, आणि रोज एका घराची पाळी असते. ज्या घराची पाळी त्याने फुलं घालायची, मेणबत्त्या लावायच्या, आणि प्रार्थना संपली की जमलेल्यांना काहीतरी वाटायचं. मग प्रार्थना चालवणारा म्होरक्या उभा राहून मोठ्याने सांगतो, आजची पाळी अमक्यांकडून, आणि सगळे आमेनसारखं देव बरं करो म्हणतात. नाव घेतल्याशिवाय कुणी खात नाही. आणि एकदा नाव घेतलं की ते देणं त्या माणसाचं. फुलं कुणी तोडली, भांडी कुणी उचलली, हे कुणी विचारत नाही. नोएलच्या लहानपणी सगळीच घरं उकडलेले चणे वाटायची, कारण सगळ्यांची भातशेती होती आणि सगळेच सारखे होते. मग शेतं गेली. ज्यांना जमिनीचं मिळालं त्यांनी केक वाटला, मग बिर्याणीचे डबे, एकाने तर रोझरीनंतर डीजे लावला. अर्बन दुसऱ्याची शेती कूळ म्हणून कसायचा, तिचं काही मिळालं नाही, आणि ॲग्नेसच्या पाळीला चणेच राहिले. तिच्या पाळीला लोक कमी येऊ लागले. जे येत ते देव बरं करो म्हणायच्या आधीच चपला शोधत. ॲग्नेस कधी काही बोलली नाही. पण गेल्या वर्षी म्होरक्याने तिचं नाव घेतलं तेव्हा समोर म्हाताऱ्यांच्या मोजक्या खुर्च्या आणि एक कुत्रं. नोएल ते शूट करत होता. ते फुटेज त्याने कापलं नाही. ठेवलं.

या वर्षी म्हणून सिनेमा. चादर बांधली, लग्नातला प्रोजेक्टर आणला. सिनेमा कुठून आणायचा याचा त्याने विचारसुद्धा केला नाही, जसा नळ सोडताना कुणी धरणाचा करत नाही. कॉम्प्युटरला सांगितलं, आंघोळ करून आला, सिनेमा उतरलेला होता. वाटेत एका पानावर काहीतरी लाल अक्षरांत आलं होतं, कायदा, कलम, शिक्षा; त्याने फुली दाबली. सवयीने फुली दाबली, आणि सवयीनेच सुरुवातीला नाव घातलं. प्रत्येक लग्नाला घालतो तसं. लिली, कबुतरं, ऑर्गन. गाव लोटलं होतं त्या संध्याकाळी. केकवाले आले, डीजेवाले आले, शेजारच्या बिल्डिंगीतले लोक गॅलरीत उभे. नाव आलं तेव्हा शिट्ट्या वाजल्या. नोएल प्रोजेक्टरमागे उभा होता, सगळ्यांच्या पाठी बघत, आणि त्याच्या छातीत काहीतरी गरम, मेणासारखं, खाली उतरत गेलं. दुसऱ्या दिवशी एव्हलिन आली. एव्हलिन त्याची मावसबहीण, दोन घरं सोडून राहते, तोंड बंद ठेवणं तिला आजारपणातही जमत नाही. म्हणाली, “मला पाठव ना रे तो पिक्चर, मावशीच्या नावासकट. मस्कतला दाखवते आमच्या दादाला.” त्याने पाठवला. बस, एवढंच. एक अंगठा टेकला.

त्या अंगठ्यापासून चंद्रप्रकाशच्या टपरीपर्यंत किती अंगठे टेकले असतील याचं चित्र नोएलला नाहूरहून परत येताना बसमध्ये दिसू लागलं, आणि ते अजून थांबलेलं नाही. मस्कत, तिथून कुणाचा मेव्हणा, तिथून कुठला ग्रुप, तिथून ज्या लोकांचा हाच धंदा आहे ते लोक. बसमध्ये पुढच्या सीटवरची बाई फोनमध्ये बघत होती. तिच्या बाजूचा माणूस फोनमध्ये बघत होता. ड्रायव्हरच्या मागे कॉलेजच्या मुली एकाच फोनवर वाकल्या होत्या. यातल्या कुठल्याही फोनवर आता लिली उमलू शकते. आपण आईचं नाव पाण्यात टाकलं आणि ते पाणी सगळ्या घरांत शिरलंय, असं काहीतरी वाक्य त्याने जुळवलं. मग तेही मोडलं. घरी आला तर आई दारात बसून बोंबील निवडत होती. नेहमीसारखी. तेच त्याला भयंकर वाटलं.

मग शुक्रवारी दोन माणसं आली. साध्या कपड्यांत, पण बूट साधे नव्हते. नोएल घरी नव्हता. त्याने हे नंतर एव्हलिनकडून ऐकलं, आणि आता त्याला ते स्वतः पाहिल्यासारखं दिसतं, क्रुसाच्या बाजूने, थोडं उंचावरून. त्यांनी क्रुसापाशी विचारलं, इथे ॲग्नेस घोन्साल्विस कोण? आणि गाव धावलं. कुणी लपवलं नाही, कुणाला शंका आली नाही. “मी म्हटलं टीव्हीवाले असतील,” एव्हलिन म्हणाली. “मीच घेऊन गेले ना हात धरून! मावशी, तुला शोधत आलेत म्हटलं. तिने सरबत दिलं त्यांना. प्यायलेसुद्धा.”

“त्यांनी काय विचारलं?”

“हे नाव तुमचंच का? ती म्हणाली, माझाच. मग म्हणाले, तो पिक्चर तुम्ही दिला? ती म्हणाली, पाळी माझी होती तर कोण देणार, तुमची आय?” एव्हलिन हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. “नोएल. वाट लागली का रे?”

जाताना ते सांगून गेले होते: मंगळवारी वांद्र्याच्या कॉम्प्लेक्सजवळच्या सायबर पोलिसांकडे यायचं. बाईंनी स्वतः. घरात कॉम्प्युटर आहे म्हणता, तर तोही घेऊन.

शनिवारी त्याने प्रीतमला फोन केला. प्रीतम वकील, नोएलने त्याचं लग्न शूट केलं होतं आणि त्याच्या सासऱ्याचा एक शिवीगाळीचा प्रसंग सफाईने कापला होता, त्यामुळे प्रीतम त्याचा फोन घेतो. नोएलने सांगायला सुरुवात केली ती एका ओळखीच्या माणसाची गोष्ट म्हणून. प्रीतमने ऐकून घेतलं.

“हे बघ, घरी डाउनलोड करून बघणारे लाखो आहेत, त्यांच्या दारात सहसा कुणी जात नाही. पण म्हणून ते कायदेशीर होत नाही. चारचौघांत दाखवणं त्याच्या पुढचं. आणि दुसऱ्याला पाठवणं, ते पसरणं, तिथे खरा फास आहे. कॉपीराइटचा गुन्हा, सहा महिने ते तीन वर्षं, वर दंड. धंदा म्हणून केलं नाही हे कोर्टाला पटलं तर शिक्षा कमी होऊ शकते. पटलं तर. आणि प्रोड्यूसर नुकसानभरपाई मागेल ते वेगळं. त्यांना आता उदाहरण पाहिजे असतं कुणाचंतरी.”

“पण गावात प्रार्थनेनंतर दाखवला. फुकट.”

“फुकट वाटलं म्हणून चोरीचं तुझं होत नाही यार. बरं, कॉपीवर नाव कुणाचं आहे म्हणालास?”

“आईचं.”

 मागे प्रीतमच्या घरात मिक्सर चालू होता, तो थांबला.

“नोएल, तू मला हे कुणाच्या वतीने विचारतोयस?”

“म्हणजे?”

“म्हणजे मी वकील कुणाचा? तुझा की बाईंचा? दोघांचा एकच वकील चालेल की नाही, ते आत्ताच ठरवावं लागेल. बाई पोलिसांना म्हणाल्या मी दिलं. कोर्टात त्याला तसं वजन नाही. पण तपास तिथूनच सुरू होतो. तू जर म्हणालास मी केलं, तर त्या सुटतात. बहुतेक. तू गप्प बसलास तर…” मिक्सर पुन्हा सुरू झाला. “मला काही सांगू नकोस आता. आधी ठरव.”

शनिवार त्याला नीट आठवतो. सोमवारही आठवतो: सोमवारी आईने मंगळवारसाठी लुगडं इस्त्रीला दिलं, सणाचं, लाल काठांचं, जे अर्बनच्या वर्षश्राद्धाच्या माससाठीसुद्धा तिने काढलं नव्हतं. दुपारी तो तिच्यासमोर बसला. सांगायचं म्हणूनच बसला. म्हणाला, “आई, तिथे ते विचारतील, सिनेमा कुणी आणला. तू सांग, मला माहीत नाही.”

“मना म्हायती हाय तर नाय कशी म्हणू?”

“काय माहीत आहे तुला?”

“पाळी माझी होती. नाव माझा घेतला. लोकानी देव बरं करो म्हटला. आता पोलीस आला म्हणून क्रुसापुढचा दिलेला परत घेऊ? उद्या मेल्यावर तुझा बाप विचारेल, ॲग्नेस, दिलेला नाकारलंस?”

“अगं पण तू नाही दिलंस. मी…”

“चणे पण तूच आणतंस ना बाजारातून? मंग ते काय तुझे झाले?” ती हसली. दात नसलेल्या बाजूने. “तू घाबरू नको पोरा. मी डोकरी, मना काय करतील.”

मी डोकरी, मना काय करतील. हे वाक्य त्याने ऐकलं आणि त्याच्या आत कुणीतरी, अगदी हळू, खुर्चीला टेकून बसल्यासारखं झालं. सुटकेसारखं. त्याला ते ओळखू आलं आणि तो उठून बाहेर गेला. बाहेर काचेच्या इमारतीत क्रूस उलटा दिसत होता की सुलट, ते त्याला ठरवता येईना. आपण वाईट माणूस आहोत का? वाईट माणसाला असं विचारावंसं वाटतं का? की वाईट माणसं दिवसभर हेच विचारत असतात आणि त्यातच त्यांचा वेळ जातो? तिला शुगर आहे. तिला जिना चढवत नाही. तिथे बाक असतील का? तिला कोठडीत ठेवणार नाहीत. म्हाताऱ्या बाईला कोण ठेवतो. नाही ठेवत. आपल्याला ठेवतील. आपलं काम जाईल, कॅमेरे जातील, गावातल्या लग्नाला कुणी बोलावणार नाही; आणि मग तिला कोण बघणार? म्हणजे तिच्याचसाठी. (कट. हा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुठेही लावला तरी बसतो, म्हणूनच त्याच्यावर भरवसा नाही.)

मंगळवारी रिक्षात कॉम्प्युटरचा डबा त्याच्या मांडीवर होता, सिनेमाला बांधलेल्या त्याच चादरीत गुंडाळलेला. आई लाल काठांत ताठ बसली होती. कलानगरच्या पुढे ट्रॅफिक तुंबला.

“जड हाय काय?” तिने विचारलं.

“नाही. हलका आहे.”

“दे माझ्या मांडीवर.”

“राहू दे.”

“साहेबाला सांग, काम करून लवकर परत द्या. एव्हलिनच्या नणंदेचा लग्न हाय ना पुढच्या महिन्यान? तुना लागेल.”

शेजारच्या रिक्षात एक माणूस फोनवर काहीतरी बघत होता. नोएलने मान वळवली नाही. ऑर्गन वाजला नाही. पण वाजेल म्हणून त्याचे कान सगळा रस्ता ताणलेले राहिले, आणि उतरल्यावर त्याला जबडा दुखतोय हे कळलं.

आत ए.सी. होता आणि बाकं होती. मॅडम तरुण होत्या, नोएलपेक्षा लहान, मराठी पुण्याकडची. त्यांनी आईला खुर्ची दिली, डबा टेबलावर ठेवायला सांगितला आणि आपला लॅपटॉप तिच्याकडे वळवला. लिली उमलली. त्या खोलीत तो ऑर्गन फार लहान वाटला, डब्यातल्या माशीसारखा.

“आजी, हे तुमचंच नाव ना?”

आईने चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. “परत लावा जरा.”

मॅडमनी परत लावलं. आई पुढे वाकली. तिचे ओठ अक्षरांबरोबर हलत होते, ॲग्नेस, मग अर्बन, आणि अर्बनवर थोडे थांबले.

“चांगला केलाय,” ती म्हणाली.

“कुणी केलंय आजी? सिनेमा कुणी आणला, बाहेर कुणी पाठवला? नीट आठवून सांगा. हे साधं प्रकरण नाही. कंपनीचं मोठं नुकसान झालंय, या कॉपीमागे टोळी आहे असं त्यांचं म्हणणं आहे.”

“टोळी नाय गो बाय. मी एकटीच. मीच दिला.”

“तुम्हाला कॉम्प्युटर येतो?”

“देवाला द्यायला कॉम्प्युटर कशाला यायला पायजे?”

कोपऱ्यातला हवालदार हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नोएलकडे बघितलं, जरा वेळ बघत राहिल्या, आणि त्याला वाटलं, यांना सगळं माहीत आहे. या फक्त वाट बघतायत. हवालदाराला त्या म्हणाल्या, स्क्रूड्रायव्हर आणा, आणि तो बाहेर गेला. दार हळूहळू आपोआप मिटलं.

“तुम्ही मुलगा ना? लग्नाचे व्हिडिओ करता. तुम्हाला काही सांगायचंय?”

तोंड उघडलं. शब्द तयार होते, अगदी साधे, मी केलं, दोनच; जिभेच्या टोकाला मेणासारखे मऊ. आई त्याच्याकडे बघत नव्हती. ती अजून पडद्याकडे बघत होती, जिथे आता तिचं नाव विझलं होतं आणि कुणा नट-नटीचं गाव दिसायला लागलं होतं. त्याने श्वास घेतला. ए.सी.ची हवा आत गेली.

“मॅडम,” नोएल म्हणाला, “आईला शुगर आहे. तिला पाणी मिळेल का?”

आदल्या रविवारी, सकाळची मास सुटल्यावर, वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या फेरीबोटीत उभं राहून नोएलने त्या डब्यातली हार्ड डिस्क खाडीत सोडली होती.